अडलेला गुडघा

गुडघा बदलण्याच्या शस्त्रक्रियेनंतर टाके निघतात आणि घरच्यांना वाटतं, संपलं एकदाचं. रुग्णाचं खरं काम तेव्हा सुरू झालेलं असतं.

जखम भरताना शरीर कोलॅजनचे धागे विणतं. त्याशिवाय जखम सांधणारच नाही. पण काहींच्या बाबतीत हे विणकाम थांबत नाही. सांध्यात जाड, घट्ट ऊती साठतात आणि गुडघा अडतो. डॉक्टर त्याला आर्थ्रोफायब्रोसिस म्हणतात. सपाट रस्त्यावर चालायला गुडघा साधारण ६५ अंश वाकला तरी पुरतं, खुर्चीतून सहज उठायला ९० अंश तरी हवेत. म्हणून ७० अंशांवर अडलेला माणूस अंगणात ठीक चालतो आणि खुर्चीतून उठताना अडतो. घरच्यांना वाटतं, नाटकं करतोय!

दुखतं म्हणून गुडघ्याखाली उशी घेऊन झोपावंसं वाटतं. ते टाळावं, पाय पूर्ण सरळ होणं त्यामुळे राहून जातं. व्यायाम थोडा थोडा, दिवसातून अनेकदा. एकदम जोर लावला तर सूज वाढते आणि वाकणं आणखी कमी होतं. प्रगती थांबलीच, तर पहिल्या तीनेक महिन्यांतच सर्जनना दाखवावं. भूल देऊन गुडघा मोकळा करण्याचा उपाय तेव्हा अधिक साधतो.

व्रणाच्या बाहेरच्या अंगाला बधिरपणा बऱ्याच जणांना राहतो. त्वचेची एक बारीक नस छेदात कापली जाते. त्याने घाबरू नये. ताप आला, जखमेतून पाणी येऊ लागलं किंवा पोटरी सुजली, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावं.