‘होतकरू’ नसलेली मुलगी

दरवर्षी जूनमध्ये वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर एक चौकट येते. ‘गरीब, गरजू व होतकरू विद्यार्थिनींना शैक्षणिक मदत.’ खाली पत्ता, वेळ आणि सोबत आणायच्या कागदांची यादी: तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिकेची सत्यप्रत, पासबुकाची झेरॉक्स. गरिबी दाखल्यावरून ठरते, गरज घरभेटीवरून. तिसऱ्या शब्दाचा दाखला मात्र कुठल्याच कचेरीत मिळत नाही. तो द्यायचं काम आमच्यासारख्यांकडे असतं. पुण्यातल्या एका लहानशा विश्वस्त संस्थेच्या निवड समितीवर मी सात वर्षं बसते आहे.

समिती म्हणजे एक लांब टेबल, चार खुर्च्या, चहाचे कप आणि समोर एक प्लास्टिकची खुर्ची. मुलगी येते, ओढणी सावरत खुर्चीच्या कडेवर टेकते. आम्ही विचारतो, पुढे काय व्हायचंय? ती म्हणते, कलेक्टर. हे उत्तर कुणीतरी पढवून पाठवलेलं असतं, आम्हालाही ते कळत असतं, तरी गुण द्यायला हात सैल सुटतो. तीन वर्षांपूर्वी बीड जिल्ह्यातल्या एका मुलीनं वेगळंच सांगितलं. बारावीला ५४ टक्के, आईवडील ऊसतोडीला. काय व्हायचं ठरवलंयस, यावर ती म्हणाली, “अजून काही ठरवलं नाही, मॅडम. तीन वर्षं इथं राहायला मिळालं तर ठरवीन.” खोलीत जरा हसू पसरलं. शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं: ‘होतकरू वाटत नाही.’ जागा ८९ टक्केवालीला गेली. तीही गरजूच होती, त्यामुळे त्या रात्री मला झोपही लागली.

आज वाटतं, त्या दिवशी आलेल्या तीसेक मुलींत नेमकं बोलली ती एकटीच. तिच्या वाट्याला जे कधी आलं नव्हतं, ते तिनं मागितलं: ठरवायला वेळ आणि तो काढायला जागा.

ऊसतोडीच्या हिशेबात कोयता म्हणजे एक जोडपं. मुकादमाकडून उचल मिळते ती कोयत्यावर. दिवाळीच्या आसपास टोळ्या कारखान्यांकडे निघतात आणि हंगाम संपला की मार्च-एप्रिलमध्ये परततात. त्या पाच-सहा महिन्यांत वयात आलेली मुलगी ठेवायची कुठं? फडातल्या झोपडीत, कोपीवर, नेली तर आईचा जीव टांगणीला, गावी म्हाताऱ्या आजीपाशी ठेवली तरी तेच. लग्न हा त्यावरचा सगळ्यात स्वस्त तोडगा ठरतो. शिवाय एक नवा कोयता तयार होतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्के जणींचं लग्न अठरा पुरी होण्याआधी झालेलं आढळलं. २००६ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा लागू असताना. या आईबापांना मुलीचं वाईट व्हावं असं वाटत नसतं. रात्री तिला सुरक्षित झोपायला जागा नाही, एवढीच त्यांची अडचण असते, आणि ती अडचण टक्केवारी विचारत नाही. ५४ टक्केवालीचं लग्न ८९ टक्केवालीच्या आधी उरकतात, इतकाच काय तो फरक.

सरकारनं काहीच केलं नाही असं म्हणता येणार नाही. बारावीपर्यंत मुलींना एसटीचा पास मोफत आहे. २०२४ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी पूर्ण माफ झाली. चांगलं झालं. पण व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळतो तो पुन्हा गुणांवर, आणि फी माफ झाली तरी कॉलेजजवळची कॉट बेसिसवरची जागा, मेसचा डबा, महिन्याचा किराणा आणि आजारपण हे काही माफ होत नाही. बालगृहात वाढलेल्या मुलींचं तर अठराव्या वाढदिवशीच दार मागे लागतं. पुढे अनुरक्षण गृहाची सोय आहे ती साधारण एकविसाव्या वर्षापर्यंत, तीही जिथं आहे तिथंच. आपल्या घरातला मुलगा एकविसाव्या वर्षी काय करत असतो ते जरा आठवून पाहावं.

खरं तर ‘होतकरू’ या शब्दावरच मला बोलायचं आहे. घरातल्या मुलाला आपण हा शब्द लावत नाही. तो एकदा नापास होतो, मग शाखा बदलतो, मग वर्षभर ‘तयारी’ करतो, आणि बापानं कुरकुर केली तरी ताटात पोळी पडतेच. त्याला होतकरू असल्याचं सिद्ध करावं लागत नाही, कारण घर त्याचं आहे. मदत मागायला आलेल्या मुलीनं मात्र सतराव्या वर्षी, अनोळखी माणसांसमोर, दहा मिनिटांत आपल्या भविष्याची हमी द्यायची. म्हणजे दारिद्र्यानं तिच्याकडून जे आधीच हिरावलं, तेच आम्ही प्रवेशाची अट म्हणून मागतो.

अशा अर्जाच्या चाळणीतून महर्षी कर्वे गळले असते. परीक्षेसाठी ते मुरुडहून सह्याद्री ओलांडून पायी साताऱ्याला गेले आणि वयानं लहान दिसतात म्हणून समितीनं त्यांना बसूच दिलं नाही. (समित्यांची परंपरा जुनी आहे.) मॅट्रिक झाले तेव्हा ते २३ वर्षांचे होते. आमच्या फॉर्मवर ‘शिक्षणात खंड असल्यास कारण द्या’ असा एक रकाना आहे, तो त्यांना चांगलाच नडला असता. १८९६ मध्ये त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला, पुढं तो हिंगण्याच्या माळावर एका झोपडीत नेला, आणि फर्ग्युसनमधलं गणित शिकवून झालं की सामान घेऊन तिथवर चालत जात राहिले. त्या आश्रमाला मोठा आधार दिला तो पार्वतीबाई आठवल्यांनी. कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई यांच्या या बहिणीला लहान वयात वैधव्य आलेलं, पदरात मूल, शिकायला बसल्या तेव्हा वय उलटून गेलेलं, आणि इंग्रजी काही केल्या जमेना. मेहुणी म्हणून आत आल्या, वशिला म्हणा हवं तर. पण त्याच बाई पुढं आश्रमासाठी गावोगाव वर्गणी मागत फिरल्या, आणि न जमणारं इंग्रजी शिकायला १९१८ मध्ये, वयाच्या अठ्ठेचाळिशीच्या आसपास, थेट अमेरिकेला गेल्या. तिथं लोकांच्या घरी घरकाम करून राहिल्या आणि आश्रमासाठी पैसे घेऊन परत आल्या. मुलाखतीच्या खुर्चीत बसलेल्या पार्वतीबाईंच्या नावापुढं मी काय शेरा मारला असता, हे मला नीट माहीत आहे.

हिंगण्यालाही चाळणी होतीच. सुरुवातीला आश्रम होता तो उच्चवर्णीय विधवांपुरता. लोकमत सांभाळायचं म्हणून कर्व्यांनी ती मर्यादा मान्य केली. चाळणी जवळजवळ फेकून दिली ती पंडिता रमाबाईंनी. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीत सापडलेल्या मुली घेऊन आल्या. आईबाप दुष्काळातच गमावलेल्या या बाईला, कोण हुशार आणि कोण नाही, हा प्रश्न रस्त्याच्या कडेला विचारावासा वाटला नसावा. केडगावच्या त्यांच्या ‘मुक्ती’ सदनात पुढं हजारावर मुली-बायका राहिल्या. कुणी विणकाम शिकलं, कुणी शेती, कुणी छापखान्यात खिळे जुळवले. रमाबाईंच्या कामाला आणखी एक बाजू आहे आणि ती लपवू नये. १८९३ मध्ये त्यांच्या शारदा सदन या शाळेवर धर्मांतराचं वादळ आलं, पालकांनी मुली काढून नेल्या, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. आश्रय देणारा बदल्यात काही मागतो का, कळत-नकळत सुद्धा, हा प्रश्न तेव्हा विचारला गेला. आज तो आम्हाला कुणी विचारत नाही. धर्म आम्ही मागत नाही. गुणपत्रिका मागतो, चेकसोबतचा फोटो मागतो, दिवाळीला देणगीदाराला पत्र मागतो आणि वार्षिक अहवालासाठी यशोगाथा.

या बाबतीत हिंगण्याचा भाऊबीज निधी मला फार शहाणपणाचा वाटतो. दिवाळीत ओवाळणी म्हणून घरोघरी थोडी थोडी रक्कम मागायची. ओवाळणी ही बहिणीचा हक्क असते, त्यामुळे देणाऱ्याला उपकाराचा तोरा मिरवता येत नाही. आणि रक्कम लहान, सगळी एकत्र झालेली, त्यामुळे आपले पैसे कुठल्या मुलीला गेले हे त्याला कळतही नाही. भाऊ-बहिणीच्या नात्यातली वडीलकी माझ्या पिढीला खटकते, तो भाग वेगळा. उलट ‘दत्तक पालक’ धर्तीच्या योजनांमध्ये देणगीदाराला मुलीचं नाव, फोटो आणि सहामाहीचे गुण पोचते होतात. एका वर्षी एका सद्गृहस्थांनी फोन करून ‘आपली’ मुलगी दोन विषयांत गेली म्हणून मुलगी बदलून मागितली होती. चांगला माणूस, दरवर्षी न चुकता देणारा. पद्धतच त्याला ग्राहक बनवते.

पैसा मोजका आहे, निवड करावीच लागते, असं आमचे खजिनदार म्हणतात, आणि ते बरोबर आहे. माझं म्हणणं निवडीच्या कसोटीविषयी आहे. ज्या मुलीला जागा नाकारली तर उद्या तिचं लग्न लागेल किंवा तिला नको त्या घरात परतावं लागेल, ती आधी. त्यातही अनेकजणी निघाल्या तर सरळ चिठ्ठ्या टाका. आमच्या अंतर्ज्ञानापेक्षा चिठ्ठी कमी अन्याय करते. जागा तीन वर्षांसाठी द्या आणि त्यात एकदा नापास व्हायची मुभा लेखी द्या. शिलाई मशिनं आणि सायकली यांना देणगीदार मिळतात, कारण त्यावर नाव रंगवता येतं. रेक्टरबाईंच्या पगाराला, पाण्याच्या टँकरला, गॅसच्या सिलिंडरला कुणी मिळत नाही. माझ्या अनुभवात मुली टिकतात त्या मात्र रेक्टरबाईंमुळे. रात्री अकराला गावाकडून काकाचा फोन येतो, ‘पोरीला उद्या पाठवा, पाहुणे येणारेत,’ आणि परीक्षा आहे, पाठवता येणार नाही, असं त्या ठणकावून सांगतात. परीक्षा असतेच असं नाही.

गेल्या मार्चच्या बैठकीत मी ‘होतकरू’ हा शब्द जाहिरातीतून आणि टक्केवारीचा रकाना फॉर्मवरून काढावा, असा ठराव मांडला. फारसा विरोध झाला नाही. एक जण म्हणाले, शब्द तसा जुनाच आहे, कुणी त्याकडं बघत नाही. अध्यक्षांनी मान हलवली. मग खजिनदारांनी सांगितलं की जुने फॉर्म छापून घेतलेत, पाचशे शिल्लक आहेत, ते आधी संपवू या.