उशाजवळचे टेबल



आजारी आईच्या खाटेशेजारी छोटे लाकडी टेबल करताना आपण म्हणतो, "मनापासून केलं ना, मग झालं!" पण तेवढे पुरते का? १३ व्या शतकातील संत थॉमस अक्वायनस सांगतात की, कारागिराची पारख त्याच्या इच्छेवरून नव्हे, तर हातून उतरलेल्या कामावरून होते. एक पाय आखूड राहिला, तर पेला कलंडतो. लाकूड ओले वापरले, तर सोलापूरच्या उन्हाळ्यात, पारा ४० अंशांपुढे गेला की फळी आकसते आणि सांधे सैल होतात. आपली माया हे थांबवू शकत नाही.

मग मायेचे काम काय? ती आपल्याला माप घ्यायला लावते. आधी आईला निजल्या जागेवरून हात लांबवायला सांगावे. तो सहज पोहोचेल तेवढीच टेबलाची उंची. मध्यरात्री कुणाला हाक न मारता घोटभर पाणी घेता येणे, यात तिचा मान आहे. आपले संत योसेफ सुतारच होते. त्यांनीही आधी मापच घेतले असणार.

भवानी पेठेतल्या आपल्या घरांतही कुणी ना कुणी अंथरुणाला खिळलेले असते. त्यांच्यासाठी काही करण्याआधी, त्यांचा हात कुठवर पोहोचतो हे आपण पाहू या.