चार दिवसांचे भाडे

आषाढीच्या दिवसांत पंढरपुरातील अनेक घरांच्या खोल्या वारकऱ्यांना भाड्याने दिल्या जातात. व्यवहार रोख, पावती नाही. मग हे उत्पन्न आयकर विवरणपत्रात सांगावे कशाला?

कायदा निष्ठुर नाही. घरभाड्यातून भरलेली घरपट्टी वजा जाता उरलेल्या रकमेवर 30 टक्के वजावट मिळते. एकूण उत्पन्न मर्यादेत असल्यास कर लागतही नाही. ज्यास लागतो, त्याने मात्र विचार करावा. यात्रेतील रस्ते, पाणी, स्वच्छता सार्वजनिक पैशातून होते. त्यात साबण-तेल घेताना कर भरणाऱ्या गरीब वारकऱ्याचाही वाटा असतो. अतिथीकडून भाडे घेणे अधर्म नव्हे; परंतु भाडे घेऊन आपला भारही त्याच्याच माथी ठेवणे, हा अधर्मच होय.