दिलेल्या देणगीवर हक्क कोणाचा?

छंद हा मोठा उदार शिक्षक आहे. पक्षिनिरीक्षण करणारा, जुनी नाणी जमवणारा, एखाद्या कादंबरीतील पात्रांवर नव्या कथा रचणारा, अशी माणसे एकत्र आली की त्यांतील कुणीतरी पुढे होऊन सर्वांसाठी वेबसाईट उभारतो. मोबदला नसतो, रात्रीची झोप मात्र खर्ची पडते. अशा प्रत्येक हौशी कारागिराला त्याच त्या अडचणी नव्याने सोडवाव्या लागतात, म्हणून एकाने लिहिलेली आज्ञावली दुसऱ्याला आयती मिळावी, असे सामाईक भांडार उभारण्याची कल्पना साहजिकच सुचते. ‘पर्ल’ या संगणकभाषेच्या चाहत्यांनी १९९५ साली ‘सीपॅन’ नावाचे भांडार उभारले. पुढे इतर भाषांचीही झाली. भांडार उभारणे ही तांत्रिक बाब आहे, आणि ती जमते. कठीण प्रश्न त्यानंतर येतो. स्वखुशीने दिलेली वस्तू देणाऱ्याला बांधून ठेवते काय?

हा प्रश्न मार्च २०१६ मध्ये चव्हाट्यावर आला. ‘एनपीएम’ या भांडारात अझेर कोचुलू या प्रोग्रामरने आपली अनेक कामे विनामूल्य ठेवली होती. त्यांतील एका कामाच्या नावावर एका कंपनीने हक्क सांगितला आणि भांडाराच्या चालकांनी ते नाव कंपनीला देऊ केले. कोचुलू यांनी आपले सारेच काम काढून घेतले. त्यात ‘लेफ्ट-पॅड’ नावाची अकरा ओळींची एक आज्ञावली होती. शब्दाच्या डाव्या बाजूला ठरावीक जागा भरून काढणे, एवढेच तिचे काम. परंतु तिच्यावर दुसरी आज्ञावली उभी होती, दुसरीवर तिसरी. आणि बघता बघता जगभरच्या असंख्य प्रोग्रामरांची कामे अडून बसली. अखेर चालकांनी कोचुलू यांच्या इच्छेविरुद्ध ती आज्ञावली परत जागेवर ठेवली आणि पुढे काम मागे घेण्यावर निर्बंध घातले.

येथे न्याय कोणत्या बाजूला होता? माझे मत कोचुलूंच्या बाजूने झुकते. पण पूर्णपणे नव्हे. ज्याला एक पैसाही दिला नाही, त्याने जन्मभर आपल्या सोयीसाठी राबावे असे म्हणणारा माणूस देणगी आणि वेठबिगार यांतला भेद विसरतो. परंतु ज्या अनोळखी प्रोग्रामरचे काम त्या दिवशी कोसळले, त्याने कोचुलूंचा कोणता अपराध केला होता? देणगी हातातून सुटली की तिच्यावर इतरांच्या भिंती उभ्या राहतात. पायाचा दगड आपलाच असला, तरी वरच्या घरात माणसे झोपलेली असताना तो उपसून काढता येत नाही.

या पेचावरचा मला सर्वांत सुज्ञ वाटलेला तोडगा मोठ्या कंपन्यांनी नव्हे, कथाप्रेमी हौशी मंडळींनी काढला. मे २००७ मध्ये ‘लाइव्हजर्नल’ या व्यापारी वेबसाईटने शेकडो सदस्यांची पाने एकाएकी बंद केली होती. दुसऱ्याच्या जागेत आपले साहित्य सुरक्षित नाही, ही जाणीव त्या मंडळींत तेव्हा पक्की झाली. त्याच वर्षी त्यांनी एक ना-नफा संस्था स्थापन केली आणि नोव्हेंबर २००९ मध्ये ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ हे संग्रहालय लोकांसाठी खुले केले. ते स्वयंसेवकांनी बांधले. कित्येकांनी तर प्रोग्रामिंगचे धडेही तेथेच गिरवले. जाहिराती नाहीत, खर्च देणग्यांतून भागतो. २०१९ साली या संग्रहालयाला ह्यूगो पुरस्कार मिळाला. तेथे लेखकाला आपली कथा काढून टाकण्याची मुभा आहेच. पण आणखी एक वाट आहे. कथा ‘अनाथ’ करता येते, म्हणजे लेखकाचे नाव पुसले जाते आणि कथा वाचकांसाठी राहते. आपल्या मृत्यूनंतर खात्याची देखभाल कोणी करावी, हेही आधीच नेमून ठेवता येते. निघून जाण्याचा हक्क आणि देणगीचे टिकणे, या दोन्ही गोष्टी येथे एकमेकींना जागा देतात.

अर्थात कथेला जे पुरते ते आज्ञावलीला पुरत नाही. कथा लिहून झाली की झाली. आज्ञावलीची मात्र रोपट्यासारखी निगा राखावी लागते. अनाथ आज्ञावलीला कोणी ना कोणी पालक लागतो. आणि पालक कोण होणार?

फिनलंडचे लासे कोलिन ‘एक्सझेड’ नावाची आज्ञावली वर्षानुवर्षे सांभाळत होते. माहितीचा आकार दाबून लहान करणारे हे साधन जगभरच्या असंख्य संगणकांत वापरले जाते. २०२२ साली नव्या सुधारणा लवकर याव्यात म्हणून काहींनी त्यांच्यामागे तगादा लावला. आपले मानसिक स्वास्थ्य ठीक नाही आणि हे काम बिनपगारी छंदाचे आहे, असे त्यांनी जाहीरपणे लिहिले होते. मदतीला ‘जिया टॅन’ नावाची व्यक्ती पुढे आली, तिने विश्वास संपादला आणि अखेर त्या साधनात चोरदरवाजा बसवला. हे नाव बहुधा टोपणनावच असावे. २९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने हा प्रकार उघडकीस आणला; त्यांना संशय आला तो संगणकाचे एक काम सुमारे अर्धा सेकंद उशिरा होत असल्यामुळे.

सारा रोष त्या भामट्यावर गेला, ते रास्तच होते. पण ज्या हजारो जणांनी ते साधन वर्षानुवर्षे वापरले, त्यांतील किती जणांनी कोलिन यांना कधी विचारले, की तुमचा भार कोणी उचलू का? देणारा बांधील असो वा नसो, घेणारा मात्र निश्चित बांधील आहे, असे मला वाटते. सामाईक भांडार बांधणाऱ्यांनी आज्ञावल्यांची यादी करताना आणखी एक नोंद ठेवावी: हे काम आज कोण सांभाळतो, त्याला साथ कोणाची आहे आणि तो थकला तर पुढे कोण. ही नोंद ठेवायला फारशी विद्वत्ता लागत नाही. शेजारधर्म पुरेसा आहे.

चोरदरवाजा काढून टाकलेली एक्सझेडची स्वच्छ आवृत्ती २९ मे २०२४ रोजी प्रसिद्ध झाली. ती लासे कोलिन यांनीच तयार केली होती.