त्यागाआधीची वाटणी

संपत्ती मोजणे हे लोभाचे लक्षण की धर्माचे अंग, हा प्रश्न आज वाशिम जिल्ह्यातल्या मेडशीसारख्या सोयाबीन-तुरीच्या पट्ट्यात अगदी व्यवहाराचा झाला आहे. दहा शेतकरी एकत्र आले की कंपनी कायद्याखाली उत्पादक कंपनी काढता येते. 2003 पासून ही सोय आहे. अशा कंपनीचा शेअर बाजारात विकता येत नाही. संचालक मंडळाच्या संमतीने तो दुसऱ्या सक्रिय सभासदाला, तोही दर्शनी किमतीलाच, देता येतो. शेअर शंभराचा असेल तर गोदाम उभे राहो, चाळणी-प्रतवारीची यंत्रे येवोत, राखीव निधी कितीही वाढो, तो शंभराचाच राहतो. मग जे विकायचेच नाही त्याचे मूल्यांकन कशाला, असे अनेक प्रामाणिक माणसे विचारतात. सामूहिक कष्टाला बाजारभाव लावणे त्यांना अपवित्र वाटते. त्या भावनेविषयी मला आदर आहे, पण तिच्यातून निघणारा निष्कर्ष चुकीचा आहे. विश्वस्त म्हणून जो संपत्ती सांभाळतो त्याने ती मालकापेक्षा अधिक काटेकोरपणे मोजली पाहिजे, कारण मालकाची चूक त्याच्या स्वतःच्या अंगावर येते आणि विश्वस्ताची चूक दुसऱ्याच्या.

या मुद्द्यावर पहिला आक्षेप संतपरंपरेच्या नावाने घेतला जातो. तुकोबांनी सावकारीची खतपत्रे इंद्रायणीत बुडवली, ती काही किंमत काढून बुडवली नाहीत, असे म्हटले जाते. पण परंपरेने सांगितलेली ही कथा पूर्ण ऐकली पाहिजे. कान्होबा या धाकट्या भावाला तुकोबांनी निम्मी खते आधी वेगळी काढून दिली आणि पाण्यात सोडली ती स्वतःच्या वाट्याची. त्यागाच्या आधी वाटणी झाली होती, आणि वाटणी मोजल्याशिवाय होत नाही. आपल्या हिश्श्यावर पाणी सोडण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. भावाच्या हिश्श्यावर तो कोणालाच नाही. ‘आपल्याला कुठे पैशाचा हिशेब करायचाय’ असे सभेत म्हणणारा संचालक नकळत हीच सीमा ओलांडतो. तो उदार होतो खरा, पण दुसऱ्याच्या वाट्याच्या जोरावर.

मेडशी ज्या मालेगाव तालुक्यात आहे त्याच तालुक्यात शिरपूरचे अंतरिक्ष पार्श्वनाथ हे जैन तीर्थ आहे. त्या तीर्थावरून दिगंबर आणि श्वेतांबर यांच्यात दीर्घ वाद झाला, पण तत्त्वार्थसूत्र दोघांनाही मान्य आहे. त्या ग्रंथात अस्तेय व्रताचे जे अतिचार सांगितले आहेत त्यांत चोरीला उत्तेजन आणि चोरीच्या मालाची खरेदी यांच्या जोडीनेच कमी-जास्त मापाने देणे-घेणेही येते. खोटे माप आणि चोरी ही एकाच व्रताच्या कक्षेत घेतली आहेत, हे मला फार महत्त्वाचे वाटते. अपरिग्रहाचा इतका आग्रह धरणाऱ्या परंपरेने माप टाकून द्यायला सांगितले नाही. ते खरे ठेवायला सांगितले.

हे माप कधी लागते, हे कायदाच दाखवतो. सभासद वारला आणि त्याचा नामनिर्देशित वारस शेती करणारा नसेल, तर शेअर कंपनीकडे परत जातो. त्या वेळी दर्शनी किंमत द्यावी किंवा संचालक मंडळ ठरवेल ती, अशी मुभा आहे. ही मुभा मूल्यांकनाविना वापरणे म्हणजे अंधारात न्याय करणे होय. सहकारी संस्थांसाठी 1961 च्या नियमांनी वेगळी वाट धरली: मर्यादित जबाबदारीच्या संस्थेतून बाहेर पडणाऱ्याच्या भागाचे मूल्य शेवटच्या लेखापरीक्षित ताळेबंदावरून काढायचे, पण ते भरलेल्या रकमेपेक्षा अधिक धरायचे नाही. म्हणजे जाणाऱ्याला तोट्यात वाटा आहे, वाढीत नाही. संस्था टिकावी म्हणून ही मर्यादा घातली असेल आणि ती योग्यही असू शकेल, परंतु सभासदाने काय मागे ठेवले हे त्याला आणि उरलेल्यांना कळलेच पाहिजे. मूल्य काढले म्हणजे तेवढे पैसे द्यावेच लागतात असे नाही. जाणून सोडणे आणि न सांगता काढून घेणे यांत मात्र पापपुण्याइतके अंतर आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: मूल्यांकन म्हणजे अखेर अंदाजच, दोन मूल्यांकक दोन आकडे देतात. खरे आहे. दिवाळखोरीच्या प्रक्रियेत म्हणूनच दोन नोंदणीकृत मूल्यांकक नेमतात आणि त्यांच्या आकड्यांत फार तफावत पडली तर तिसराही नेमता येतो. कंपनी कायद्याच्या कलम 247 नुसार, ज्या मालमत्तेत आपला हितसंबंध आहे तिचे मूल्यांकन करायला मूल्यांककाला मनाई आहे. नेमणुकीच्या आधीची आणि मूल्यांकनानंतरची तीन-तीन वर्षेही त्यात धरली आहेत. माणसाचे ज्ञान अपुरे असते हे मान्य करून त्याची नियत तरी शुद्ध ठेवण्याचा हा प्रयत्न आहे.

खर्चाची तक्रार छोट्या कंपनीच्या तोंडी रास्त आहे. दरवर्षी मूल्यांकक नेमण्याची गरज नाही. एरवी चोख लेखापरीक्षण पुरते. पण विलीनीकरण करताना, गोदाम किंवा जमीन विकताना आणि सभासदाच्या पश्चात त्याच्या घरच्यांचा हिशेब पुरा करताना खर्चाचे कारण सांगू नये. तो अहवाल मराठीत, वार्षिक सभेत, सर्व सभासदांसमोर वाचला जावा आणि वारसांनाही त्याची प्रत मिळावी, एवढी मागणी प्रत्येक उत्पादक कंपनीच्या सभासदाने येत्या सभेत करावी.