पारणं चुकलं तर

१९१२ च्या एप्रिलमध्ये माल्टा बेटावरचे अगोस्तिनो लेव्हान्झिन नावाचे गृहस्थ बोस्टनच्या कार्नेगी पोषण प्रयोगशाळेत दाखल झाले. उपासाचे कट्टर पुरस्कर्ते. प्रयोगशाळेचे प्रमुख फ्रान्सिस बेनेडिक्ट यांना दीर्घ उपासात शरीरात काय घडतं ते मोजायचं होतं. लेव्हान्झिनना ते जगाला दाखवायचं होतं. सोय दोघांचीही झाली. ३१ दिवस त्यांनी ऊर्ध्वपातित पाण्याशिवाय काही घेतलं नाही. रात्री त्यांना एका बंद पेटीत झोपवत. अंगाची उष्णता आणि श्वासातले वायू त्या पेटीत मोजले जात. लघवीचा थेंबन् थेंब बाटलीत जमा होई. ६०.६ किलोचा माणूस ४७.४ किलोवर आला. बेनेडिक्टनी १९१५ मध्ये यावर जाडजूड ग्रंथ छापला, आणि उपासाच्या अभ्यासकाला आजही त्यापाशी यावंच लागतं.

आता हेच काम मोबाइलवरची ॲप करतात, किंवा करत असल्याचा आव आणतात. इतक्या तासांनी चरबी जळू लागली, इतक्या तासांनी पेशींची साफसफाई सुरू झाली, शाबास, टिकून राहा. पेशी आपलाच जुना माल मोडून वापरतात हे खरं आहे. त्यामागची जनुकं किण्वावर प्रयोग करून शोधल्याबद्दल योशिनोरी ओसुमींना २०१६ चं नोबेलही मिळालं. पण किण्वाच्या पेशीपासून कोथरूडच्या माणसापर्यंत मधे बरंच अंतर आहे. त्याच्या यकृतात ही साफसफाई कितव्या तासाला किती झाली, हे सांगणारं मापक कुणाच्या मनगटावर नाही. माझ्या मते उपासातला सगळ्यांत कमी उपयोगाचा आकडा म्हणजे दिवसांचा आकडा. शरीराचा हिशोब वेगळाच असतो.

पहिल्या दिवसाचा हिशोब सोपा. यकृतात शंभरेक ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे ग्लुकोजचा साठा, असतो, तो साधारण दिवसभरात संपतो. त्याच्याशी बांधलेलं पाणीही सुटतं. इन्सुलिन उतरलं की मूत्रपिंडं मीठ सोडू लागतात, आणि मिठापाठोपाठ आणखी पाणी जातं. पहिल्या तीन-चार दिवसांत काटा झपाट्याने खाली येतो तो मुख्यतः यामुळे. उपास सोडल्यावर आठवड्यात त्यातलं बरंचसं वजन परत येतं, तेही याच कारणाने. उठून उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी येते ती मीठ आणि पाणी गेल्यामुळे. त्यात ‘विषं बाहेर पडत असल्याचं’ काही नाही. तोंडाला येणारा वासही विषाचा नाही, ॲसिटोनचा आहे. उलट या दिवसांत मूत्रपिंडांना चरबीपासून बनलेले कीटोन बाहेर टाकण्याच्या नादात युरिक ॲसिड टाकणं जमत नाही, ते रक्तात साठतं, आणि ज्याला गाऊटचा त्रास आहे त्याच्या पायाचा अंगठा पेटतो.

खरी पंचाईत मेंदूची. त्याला दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम ग्लुकोज लागतं. चरबी कितीही असली तरी तिच्यातल्या ग्लिसरॉलचा थोडा भाग सोडला तर तिचं ग्लुकोज होत नाही. मग प्रथिनं मोडावी लागतात, म्हणजे मुख्यतः स्नायू. दुष्काळाच्या पहिल्याच आठवड्यात घाबरून बैल विकायला काढावेत तसं हे. मोडलेल्या प्रथिनांतून लेव्हान्झिनच्या लघवीत येणारा नायट्रोजन चौथ्या दिवशी बारा ग्रॅमच्या आसपास पोचला होता. एक ग्रॅम नायट्रोजन म्हणजे साधारण तीस ग्रॅम ओला स्नायू, असा ठोकताळा आहे. एका दिवसात साडेतीनशे ग्रॅम मांस. हे असंच चालू राहिलं तर महिन्याभरात श्वास घेण्याचे स्नायूही उरायचे नाहीत.

पण तसं होत नाही. का होत नाही, याचं उत्तर मिळायला अर्धशतक गेलं. बोस्टनमध्येच जॉर्ज केहिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच-सहा आठवडे उपास केलेल्या तीन लठ्ठ रुग्णांच्या मेंदूकडे जाणारं आणि मेंदूकडून परतणारं रक्त तपासलं. मेंदू फक्त ग्लुकोजवर चालतो असं तोवर सगळे धरून चालले होते. १९६७ मध्ये या मंडळींनी दाखवलं की दीर्घ उपासात मेंदूचं जवळजवळ दोन-तृतीयांश इंधन कीटोनमधून येतं, आणि कीटोन यकृतात चरबीपासून बनतात. मेंदूची ग्लुकोजची मागणी घटली की स्नायूंवरचा हातही आखडतो. केहिल यांच्या लठ्ठ रुग्णांत नायट्रोजनची गळती दिवसाला चारेक ग्रॅमवर आली होती. सोबत बाकीची काटकसरही सुरू होते. थायरॉइडचं सक्रिय संप्रेरक घटतं, नाडी मंदावते, अंगाला हुडहुडी भरते. पुष्कळांची भूकही दोन-तीन दिवसांनी मावळते. या मावळण्यालाच लोक सिद्धी समजू लागतात.

लेव्हान्झिनचा नायट्रोजन मात्र एकतिसाव्या दिवशीही सातेक ग्रॅम जात होता. कारण उघड आहे. सडपातळ माणसाकडे चरबीची पुंजी थोडी, त्यामुळे त्याच्या स्नायूंना जास्त भुर्दंड पडतो. स्कॉटलंडमधल्या टेपोर्टच्या अँगस बार्बिएरीचं उदाहरण हल्ली जो तो देतो. १९६५-६६ मध्ये त्याने ३८२ दिवस उपास केला, २०७ किलोवरून ८२ वर आला, आणि पाच वर्षांनी ८९ किलोच होता. हे सगळं खरं आहे. पण त्याच्याकडे सव्वाशे किलो घालवायला होते, तो डॉक्टरांच्या देखरेखीखाली होता, आणि त्याला जीवनसत्त्वं आणि गरजेप्रमाणे पोटॅशियम दिलं जात होतं. त्याच दशकात इतरत्र अशा उपचारात माणसं दगावली आणि ही पद्धत मागे पडली, हे सांगायला मात्र कुणी थांबत नाही. सामान्य बांध्याच्या माणसाची मर्यादा किती, ते १९८१ मध्ये उत्तर आयर्लंडच्या तुरुंगात दिसलं. फक्त पाणी आणि मीठ घेऊन उपोषण करणारे दहा तरुण कैदी ४६ ते ७३ दिवसांच्या दरम्यान गेले. त्यांची नजर आधी हलू लागली, मग अंधुक झाली. त्यात थायमिन या जीवनसत्त्वाच्या अभावाचा मोठा हात मानतात, कारण शरीरातला त्याचा साठा दोन-तीन आठवड्यांपुरताच असतो. (उपोषणकर्त्या कैद्यांशी डॉक्टरांनी कसं वागावं याचा जागतिक जाहीरनामा १९९१ मध्ये मंजूर झाला, तोही नेमका माल्टात.)

पुण्यालाही दीर्घ उपासाचा एक धडा माहीत आहे. १९४३ च्या फेब्रुवारीत आगाखान पॅलेसमध्ये गांधीजींनी २१ दिवसांचा उपास केला तेव्हा ते ७३ वर्षांचे होते. उपास ‘शक्तीनुसार’ असल्याचं त्यांनी आधीच जाहीर केलं होतं. मधल्या दिवसांत मळमळीमुळे पाणीही पोटात ठरेना, प्रकृती फार घसरली. तेव्हा पाण्यात थोडा मोसंबीचा रस घालायला त्यांनी मान्यता दिली, आणि ते सावरले. रसामुळे पाणी घशाखाली उतरू लागलं हे मुख्य. पण थोड्या साखरेनेही किती फरक पडतो ते पुढे हार्वर्डच्या जेम्स गँबल यांनी मोजलं. समुद्रात होडीवर अडकलेल्यांना कोणता शिधा द्यावा हा त्यांचा प्रश्न होता. दिवसाला शंभर ग्रॅम ग्लुकोज मिळालं की प्रथिनांची नासाडी जवळपास निम्मी होते, असं त्यांना आढळलं.

मग साखर चांगली? उपास चालू असताना थोडी, हो. महिन्याच्या उपासानंतर एकदम भरपूर, तर जिवाशी खेळ.

दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी फिलिपिन्समध्ये ताब्यात आलेल्या उपासमार झालेल्या जपानी कैद्यांना अन्न मिळू लागलं आणि त्यानंतरही त्यातले बरेच जण मेले. अमेरिकन डॉक्टर चक्रावले. आज त्याचा उलगडा झाला आहे. उपासात शरीरातला फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियमचा साठा आटत जातो, पण रक्तातलं प्रमाण बरंचसं जागेवर राहतं. म्हणजे रिपोर्ट ठीक येतो. मग गोड-पिष्टमय जेवण पोटात जातं, इन्सुलिन उसळतं, पेशी हे क्षार रक्तातून ओढून घेतात. रक्तात खडखडाट. हृदयाचा ताल बिघडतो, श्वासाचे स्नायू थकतात. ग्लुकोज जाळायला थायमिन लागतं, ते आधीच संपलेलं. त्यात मूत्रपिंडं आता मीठ धरून ठेवतात, पाय सुजतात आणि दुबळ्या झालेल्या हृदयावर पाण्याचा भार येतो. लेव्हान्झिननी उपास फळांच्या रसांनी आणि मधाने सोडला आणि त्यांच्या पोटात जबरदस्त कळा आल्या. कळांवर भागलं हे नशीब.

आपल्याकडच्या जैन घरांत मासखमण होतं तेव्हा तपस्वी महिनाभर दिवसा उकळून गार केलेलं पाणी पितात, सूर्यास्तानंतर तेही नाही. वरघोड्याची मिरवणूक, सत्कार, पाहुणे, सगळा गाजावाजा असतो. पण पारण्याच्या वेळी समोर येते ती लहानशी वाटी, तिच्यात मुगाचं पाणी, आणि घरातली माणसं ते चमच्याने पाजतात. आयुर्वेदातही वमन-विरेचनानंतर आधी पेया (पातळ पेज), मग विलेपी (दाट पेज), मग यूष (कढण) असा क्रम सांगितलेला आहे. यामागे फॉस्फेटचं ज्ञान नव्हतं, अनुभव होता. तरी परंपरेच्या नावावर सगळं खपवू नये. अक्षय्य तृतीयेला वर्षीतपाचं पारणं उसाच्या रसाने करतात. तिथे ते चालून जातं, कारण वर्षीतपात एक दिवसाआड जेवण झालेलं असतं. महिनाभराच्या उपासानंतर मात्र उसाच्या रसाचा पेला ही फार वाईट सुरुवात ठरेल.

इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेणारे, गरोदर बायका, मूत्रपिंडाचे रुग्ण यांनी तर या वाटेला जाऊच नये. आणि ज्यांनी आठवडा ओलांडला आहे त्यांनी पारणं घरी उरकू नये. पंधरा दिवसांहून अधिक काळ जवळजवळ काहीच न खाल्लेल्या माणसाला रुग्णालयात अन्न सुरू करण्याआधी थायमिन देतात, क्षार तपासतात, हृदयाचा आलेख लावून ठेवतात. पहिल्या दिवशी किलोमागे पाच कॅलरी. पन्नास किलोच्या माणसाला अडीचशे. साबुदाण्याच्या खिचडीची भरलेली बशी त्याहून जड जाते, आणि नातेवाईक दाराशी उभे राहून विचारत असतात, ‘अहो डॉक्टर, एवढ्याने काय होणार?’