अर्ध्या तासाची वाट

माझी धाकटी बहीण परुळ्याला दिली आहे. परवा तिच्या सातवीतल्या मुलाने फोनवर मला एक हिशेब ऐकवला. त्यांच्या गावाजवळचा चिपीचा विमानतळ आणि आमच्या कोल्हापूरचा उजळाईवाडीचा, यांतले सरळ रेषेतले अंतर सुमारे ११० किलोमीटर. विमानाचा वेग ताशी ५०० धरला तर तेरा मिनिटे. चढण्या-उतरण्याची सवलत देऊन त्याने उदारपणे अर्धा तास केला. "मामा, शाळा सुटल्यावर निघालास तरी चहाला इथं!"

हिशेब बरोबर होता. मी मास्तर आहे. पैकीच्या पैकी गुण दिले असते. फक्त या दोन तळांमध्ये विमान जाते, असे माझ्या ऐकिवात नाही. ९ ऑक्टोबर २०२१ रोजी चिपीचा तळ सुरू झाला, तेव्हा पहिले विमान आले ते मुंबईहून. दोन शेजाऱ्यांनी एकमेकांकडे पाठ करून तिसऱ्या श्रीमंताच्या दाराकडे पाहत बसावे, तशातली ही गत.

म्हणून आम्ही एस.टी.ने जातो. राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट, मग कणकवली, कुडाळ, परुळे. दीडशे किलोमीटरांहून अधिक वाट आणि गाड्या बदलण्यात गेलेला दिवस. 'जातो' म्हणालो खरा. पण भाऊबिजेला गेल्याला कित्येक वर्षे झाली. दर दिवाळीला मी एकच सांगतो, "फार लांब पडतं गं." ती 'हो' म्हणते.

अंतर हे कर्तव्य टाळायला पुरेसे कारण आहे काय? शेजारी आग लागली तर मी बादली घेऊन धावलेच पाहिजे. पन्नास कोसांवरच्या आगीचा जाब मला कोणी विचारीत नाही. पण तो विचारीत नाहीत, ते मी तेथे वेळेवर पोहोचू शकत नाही म्हणून. केवळ लांब आहे म्हणून नव्हे. या दोहोंत मी सोयीस्कर गल्लत करीत आलो.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेला महापूर आला. शिरोलीजवळ महामार्ग कित्येक दिवस बंद होता, गगनबावड्याचा रस्ता पाण्याखाली. बहीण रोज विचारी, "दादा, जेवलास का? पाणी कुठवर आलं?" मी तिला वचन दिले, पाणी उतरले की पहिल्या गाडीने येतो. आणि ते अगदी मनापासून दिले होते. पाणी उतरले, गाड्या सुरू झाल्या. मग शाळा भरली, उत्तरपत्रिका आल्या, एका कादंबरीचे प्रकरण अडले. वाट बंद होती तोवर मी रोज परुळ्याला जात होतो. ती उघडली आणि माझे जाणे थांबले.

उद्या खरेच विमान सुरू झाले तर? मला त्याची थोडी धास्तीच वाटते. अर्ध्या तासाच्या वाटेवर 'लांब' हा शब्द कोठे ठेवणार? शिवाय अर्ध्या तासात आलेला पाहुणा तितक्याच झटपट परतही जातो. आमचे वडील आत्याकडे जात, तेव्हा आठ दिवस राहत. वाटेचे श्रम वसूल व्हायला नकोत का, असे हसून म्हणत.

"मग कधी येतोस?" भाच्याने विचारले. मी म्हटले, "आईला दे."

"त्याचं काही मनावर घेऊ नकोस," बहीण म्हणाली. "शाळेत नकाशा शिकवताहेत, म्हणून मोजत बसलाय." मग जरा थांबून, "भात कापून झालाय दादा. आता आम्हांला सवड आहे."